सत्तावीस नंबर

माझी मावशी पहिलीच्या वर्गाला शिकवायची, आणि हजेरी घ्यायची ती पोरांकडे पाठ करून. फळ्यावर तारीख लिहिता लिहिता एकेक नंबर पुकारायचा. मागून "हजर, बाई" आलं की आवाजावरून पोर ओळखायचं. मीही तिच्याच वर्गात होतो. एकदा शेजारच्याच्या नंबरला मी आवाज घोगरा करून "हजर" म्हणालो. न वळता ती म्हणाली, "भाचेराव, सर्दी झाल्याचं घरी नाही सांगितलंत. उभे राहा बाकावर." अजून आठवलं की कान गरम होतात.

साथ आली, शाळेला कुलूप लागलं, तेव्हा तिच्या निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. स्वयंपाकघराच्या दारावर मी तिला फळा टांगून दिला, पिठाच्या डब्यावर फोन उभा केला. पहिल्याच दिवशी बाईंनी सवयीने फोनकडे पाठ केली. पोरांना वर्षभर बाई कमी आणि बाईंचा अंबाडाच जास्त दिसला. मी हसलो तर म्हणाली, "तू गप रे, मला ऐकू येतंय ना!"

सत्तावीस नंबर मात्र कधीच ऐकू आला नाही. त्या मुलीच्या घरी फोन एकच, तो वडिलांबरोबर कामावर जायचा. तरी मावशी रोज तिचा नंबर पुकारायची, खडू थांबवायची, मनात दहा मोजायची, मग अठ्ठावीस. एकदा मुख्याध्यापकांचा फोन आला, "बाई, कमी करून टाका ते नाव. उगाच जीव कशाला जाळता?"

"मी आहे तोवर नाही," म्हणाली, आणि नंतर बराच वेळ भांडी आपटत राहिली. मला तेव्हा तो नुसता हट्ट वाटला. आज ते दार, तो पिठाचा डबा आठवला की गलबलून येतं.

तिच्या शेवटच्या आठवड्यात शाळा उघडली. तिची पिशवी घेऊन मी वर्गाच्या दारापर्यंत गेलो आणि तिथेच रेंगाळलो. मास्क लावलेली, लांब लांब बसलेली पोरं; कोण कुठलं काही कळेना. मावशीने खडू घेतला, पाठ केली. एकेका आवाजाला ती ओळखीची मान डोलावत होती. मग म्हणाली, "सत्तावीस." खडू थांबला.

"हजर, बाई."

बारीकसा, अनोळखी आवाज. हजेरी चालू असताना मावशीला मागे वळताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "पुन्हा एकदा म्हण गं."

अठ्ठावीस नंबरला त्या दिवशी बराच वेळ थांबावं लागलं.