गोगलगाईचा पडदा

...झालं पाणी पिऊन? मग बस आणि लिही पुढे. माझ्या नणंदेचं सांगत होते. तुझ्या आजोबांची धाकटी बहीण, शिवणाच्या कारखान्यात होती ती. तिला तिथल्या बाया गोगलगाय म्हणायच्या. तोंडावर हो! तीही 'ओ' द्यायची.

तर कारखान्यात नवा मालक आला. आल्या आल्या त्याने भिंतीवर एक फळा टांगला. कुणी दिवसात किती नग शिवले, ते त्यावर लिहायचं. महिनाभर जी तळाला राहील तिने घरी बसायचं. आता तळाला कोण, हे काय सांगायला पाहिजे?

बिचारीने केली बरं का घाई. तीन दिवस मशीन अशी दामटली की विचारू नकोस. तिसऱ्या दिवशी मुकादमबाई अकरा पँटी घेऊन आली. "अगं बये, खिशांची तोंडंच शिवून टाकलीस की! माणसांनी हात कुठे घालायचे?" सगळा कारखाना हसला. ही खाली मान घालून सगळं उसवत बसली.

घरी आली, चहाचा कप हातात घेतला आणि मला म्हणाली, "वहिनी, हा घाईचा हात माझा नव्हेच. उद्यापासून मी आपली माझ्या चालीने शिवणार. काढलं तर काढलं."

"आणि काढलं म्हणजे गं?"

"तर घरी येईन. पण खिसे उघडे ठेवून येईन." आणि हसली की! तीन दिवसांनी पहिल्यांदा.

त्याच आठवड्यात एका नाटकगृहाचं काम आलं. स्टेजचा मोठा पडदा, लाल मखमलीचा. चौघींना वाटून दिला, एकेकीला सहा पट्टे. आता मखमलीला अंग असतं. मांजराच्या पाठीसारखं. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर केस उभे. ही प्रत्येक पट्ट्यावरून हात फिरवायची, मागच्या बाजूला खडूने बाण काढायची, मग दुसरा पट्टा घ्यायची.

मालक मागे येऊन उभा राहिला. "शिवताय की गोंजारताय?"

"दोन्ही, साहेब," ही म्हणाली. मान वर केली नाही.

बाकीच्या तिघींचं दुपारीच संपलं. हिचं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. फळ्यावर नाव तळाला, ठळक.

पडदा टांगायला सगळे गेले. वर चढवला, दिवे लावले, आणि मालकाचा चेहरा पडला. एक पट्टा गडद, शेजारचा फिकट, पुढचा पुन्हा गडद! पट्टे उलटसुलट जोडलेले. कारखान्यातल्या पांढऱ्या उजेडात दिसलंच नव्हतं कुणाला. फक्त उजवीकडचा चौथा हिस्सा वरपासून खालपर्यंत एकसारखा लाल.

नाटकगृहाचे म्हातारे व्यवस्थापक तिकडे बोट करून म्हणाले, "हा कुणी शिवला?"

मुकादमबाई पुटपुटली, "गोगलगाईने."

"मला सगळा असा पाहिजे."

मालक हिच्याकडे वळला. आवाज एकदम मऊ. "ताई, उद्यापर्यंत होईल ना?"

"नाही होणार," ही म्हणाली. "चार दिवस लागतील."

व्यवस्थापक म्हणाले, "चार तर चार. खेळ रविवारी आहे."

मग उसवणं सुरू झालं. हिने पट्टे गोंजारायचे, बाण काढायचे, आणि ज्यांचा हात भरभर चालतो त्यांनी भरभर शिवायचं. मुकादमबाई सारखी ओरडायची, "अगं, बाण बघा, बाण! गोगलगाईचे बाण!" चौथ्या दिवशी पडदा झाला. आणि मखमल पसरायला पाट हवा म्हणून तो फळा भिंतीवरून काढला होता, तो पुन्हा वर गेलाच नाही.

रविवारी दुपारी आम्ही सगळे खेळाला गेलो, पुढच्या रांगेत. घंटा झाली, पडद्यावर उजेड पडला, आणि तो एवढा मोठा लाल पडदा, अख्खा एकाच रंगाचा! मालक स्वतः उठून म्हणाला, "हा आमच्या ताईंचा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडदा सरकायला लागला तर ही माझ्या कानात म्हणते कशी, "वहिनी, जरा हळू उघडायला हवा होता."

आता शेवटी एवढं लिही: हे वाचणाऱ्या बाई, तुमच्या घरात हळू जेवणारं, हळू लिहिणारं कुणी असेल ना? त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवा, वरून खाली, आणि आमच्या गोगलगाईचा निरोप द्या: तुझं चालू दे, आम्ही थांबलोय.