टायटॅनियमपायी थांबवलेली विहीर

“कांबळे साहेब, विहीर थांबवून राहिलात, मग आमी पाणी कुठलं प्यावं?” सुमनबाईंनी विचारलं.

त्या देगलूरजवळच्या एका गावच्या सरपंच. मी भूवैज्ञानिक, म्हणजे कुठे खोदलं तर पाणी लागेल हे सांगण्याचा पगार घेणारा माणूस. गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर कडक खडकात अडली होती. अजून खाली जायचं की नाही, एवढंच मला सांगायचं होतं. मी सांगितलं, “बाई, खाली टायटॅनियम असू शकतं. तपासणी होईपर्यंत काम बंद.”

माझं गाव लातूरजवळचं मुरुड. तिकडे सगळा बसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. देगलूरकडे मात्र रूपांतरित खडक सापडतात, जमिनीत खोल दाबाने आणि उष्णतेने बदललेले. एम.एस्सी.ला मी याच खडकांवर प्रबंध लिहिला आणि पुढे आयुष्यभर बोअरचे दाखले लिहिले. त्या दिवशी विहिरीच्या भिंतीत एक काळा पट्टा दिसला. भिंग लावलं. आत केसाएवढ्या लालसर सुया. रुटाइल! टायटॅनियमचं खनिज! पाण्याचं भान सुटलं.

सुमनबाईंना मी तिथेच लेक्चर दिलं. टायटॅनियम बाहेरून येत नाही, खडकातल्या काळ्या खनिजांत ते आधीपासून थोडंथोडं असतं. खडक दाबला, तापला की ती खनिजं मोडून नवी बनतात. नव्यांत टायटॅनियमला पुरेशी जागा नसते. बदली होऊन लहान क्वार्टर मिळालं की जास्तीचं सामान व्हरांड्यात येतं, तसं ते बाहेर पडतं आणि त्याचे वेगळे कण होतात. दाब कमी असेल तर बहुधा इल्मेनाइट, म्हणजे टायटॅनियम आणि लोखंडाचं काळं खनिज, जास्त असेल तर रुटाइल.

“मंजे पाणी लागंल का न्हाई?” त्यांनी विचारलं.

“ते नंतर बघू,” मी म्हणालो. आज लिहितानाही या वाक्याची लाज वाटते.

विहिरीच्या काठावर बारीक रेतीचा ढीग होता. त्यात काळे कण चमकत होते. काळा पट्टा झिजून हे कण सुटले, असं मी ठरवून टाकलं. दोन पिशव्या भरून लॅबला पाठवल्या. अहवाल आला, टायटॅनियम भरपूर. मी आठ पानी नोट लिहिली, नकाशासकट. तोवर गावातल्या बायका पलीकडच्या वाडीवरून डोक्यावर पाणी आणत होत्या. ते नोटमध्ये कुठेच नव्हतं.

नोट वाचून उपसंचालक लातूरहून स्वतः आले. मी ढिगाजवळ उभा राहून खिशातलं मॅग्नेट फिरवलं. काळे कण भराभर चिकटले. “बघा सर!”

सुमनबाई हंडा खाली ठेवून बघत होत्या. “साहेब, ही रेती तर आमची न्हाई. वरच्या बांधकामाला मांजरा नदीतून ट्रॅक्टरनं आणलेली हाय.”

उपसंचालकांनी माझ्याकडे पाहिलं. “कांबळे, मांजरा येते कुठून?”

“आमच्याकडूनच, सर. बसाल्टमधून.”

“आणि बसाल्टमध्ये इल्मेनाइट असतं.”

“असतं, सर. पण ते लाव्हातून आलेलं. रूपांतरित नाही.”

म्हणजे मी देगलूरला येऊन माझ्याच मुलखातली वाळू शोधून काढली होती. भिंतीतल्या सुया खऱ्या होत्या, सिद्धांतही बरोबर होता. पण तेवढ्या रुटाइलसाठी कोणी फावडंही उचललं नसतं.

“आता थांबवलेलं काम सुरू करा म्हणून लिहून द्या,” सुमनबाई म्हणाल्या. “आन् चूक कुनाची ते बी लिवा. लोकं मला बोलून राहिलेत.”

मी लिहून दिलं. त्यांनी तो कागद ग्रामसभेत माझ्यासमोर वाचायला लावला. ‘भूवैज्ञानिकाच्या चुकीमुळे’ हे शब्द ग्रामसेवकाने जरा जास्तच मोठ्याने वाचले. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

काम सुरू झालं आणि आठवड्याभरात पाणी लागलं. काळा पट्टा आणि बाजूचा खडक जिथे भिडतात, त्या फटीतून. अशा फटीत पाणी असतं हे मला नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं आणि सुमनबाईंनी विचारलंही तेवढंच होतं.

तेव्हापासून ऑफिसात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट सांगतो. नमुना घेण्याआधी ढीग कोणी टाकला ते विचारा. आणि त्याच्याही आधी, आपल्याला इथे कशासाठी बोलावलंय ते.