स्टार्टर आणि उपाशी मेव्हणा

आमच्या गाडीचा स्टार्टर बदलायची काहीएक गरज नव्हती. हे मला तो बदलून झाल्यावर कळलं.

पण आधी मला सांगा, त्या गाडीसाठी मी काय करायचं बाकी ठेवलं होतं? लक्ष्मीपूजनाला तिला धुतलं, पुसलं, झेंडूचा हार घातला. गाडीचा जीव बॅटरीत असतो, म्हणून बॉनेट उघडून बॅटरीची वेगळी पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, बत्तासा, सगळं यथासांग! तेही फक्त प्लसच्या टोकाला. (मायनसची पूजा कोण करतं हो, सणासुदीला?) आणि दुसऱ्या दिवशी चावी फिरवली तर ही कृतघ्न गाडी म्हणते, ‘टक्’! दिवे लागतात, हॉर्न वाजतो, इंजिन मात्र ढिम्म.

मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस छातीठोकपणे सांगत होता, ‘टक् म्हणजे स्टार्टर गेला.’ आमचा मेकॅनिक मंडईसाठी, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीतल्या गावजत्रेसाठी, त्याच्या गावी गेलेला. मी ओळखीच्या दुकानदाराला घरून उठवून नवा स्टार्टर आणला. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, आणि त्याच दिवशी माझ्या सासुरवाडीची, म्हणजे एकोडीची मंडई. माझा मेव्हणा संजू बहिणीनं ओवाळल्याशिवाय तोंडात घास घालत नाही.

“अवो, एस.टी.नं जाऊ ना,” बायको, म्हणजे सुनंदा, सकाळीच म्हणाली.

“दारात गाडी असताना?”

“ढकलली तं चालू होईन ना!” शेजारचे नानाजी खुर्ची घेऊन येऊन बसले. “कायले एवढा कुटाणा करून राहिले?”

काय माणूस आहे! मंडईच्या गर्दीत, साऱ्या गावादेखत जावयाची गाडी ढकलायची? मी गाडी जॅकवर चढवली, धानाचं पोतं अंथरलं, व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे बॅटरीचं मायनसचं टोक सोडवलं आणि गाडीखाली शिरलो.

व्हिडिओतल्या माणसाचा बोल्ट हात लावताच निघाला होता. माझा बोल्ट हलेना. गाडीखालची सगळी माती माझ्या तोंडात पडली. तेवढ्यात सुनंदाचा फोन वाजला. तिनं स्पीकर लावला. संजू होता.

“ताई, निघाल्या काय? मी सकाळपासून उपाशी आहो!”

“सांग त्याले, बोल्ट खोलून राहिलो!” मी खालून ओरडलो.

“डावीकडे फिरवा,” नानाजी चहा पीत म्हणाले.

“माझ्या डावीकडे का तुमच्या?”

यावर त्यांनी इतका विचार केला की बोल्ट कंटाळून आपणच सुटला आणि स्टार्टर थेट माझ्या छातीवर आला. मी कोकललो. फोन पुन्हा वाजला.

“ताई, आईनं वडे तळले. घरभर वास सुटला आहे!” संजूचा आवाज ओला झाला होता. जसं काही मीच त्याच्या ताटातले वडे ओढत होतो! तिसऱ्या फोनवर सासूबाई होत्या. “संजू भिंतीकडं तोंड करून निजला. बोलूनच नाही राहिला.”

सुनंदाचेही डोळे भरले. माहेरची भाऊबीज तिनं आजवर चुकवलेली नव्हती. मी दातओठ खाऊन नवा स्टार्टर बसवला, मायनस जोडला, गाडी खाली उतरवली आणि चावी फिरवली.

‘टक्!’

तोच टक्! मी दुकानदाराला फोन लावला. “सणासुदीला लोकाइले फसवता? लाज नाही वाटत?” तो बिचारा काहीतरी सांगत होता, पण मी ऐकून घेतो होय!

सुनंदा नवी साडी नेसून, पिशवी घेऊन उघड्या बॉनेटपाशी उभी होती.

“अवो, ह्या मुंग्या कुठं जाऊन राहिल्या?”

मुंग्यांची रांग बॅटरीच्या प्लसवरच्या लाल टोपीखाली शिरत होती. तिनं टोपी उचलली. बॅटरीचं टोक आणि त्यावरचा क्लॅम्प यांच्या मधोमध कुंकवाचा चिखल, त्यात तांदळाचे दाणे आणि विरघळलेला बत्तासा.

“हे काय?”

“नैवेद्य.”

“क्लॅम्प ढिला करून आतमंदी ठेवला?”

“वर ठेवला असता तं उडून नसता गेला?”

तिनं फडकं आणि पाना माझ्या हातात दिला. मी मायनस पुन्हा सोडवला, मग प्लसचा क्लॅम्प काढून पुसला आणि दोन्ही घट्ट बसवले. गाडी एका चावीत सुरू झाली.

“म्हणजे जुना स्टार्टर चांगलाच होता!” नानाजी म्हणाले. यांना कोणी विचारलं होतं?

एकोडीला पोचलो तेव्हा मंडईचे दिवे लागले होते. सुनंदानं संजूला ओवाळलं. तिनं ताट खाली ठेवायच्या आत त्याच्या तोंडात दोन वडे होते.

“भाऊजी, काय बिघडलं होतं?” त्यानं भरल्या तोंडानं विचारलं.

“स्टार्टर,” मी ठासून सांगितलं.

सासूबाईंनी जावयाला ओवाळायला ताट उचललं, कुंकू लावलं, चिमटीत अक्षता घेतल्या. मी कपाळ पुढे केलं. तोच सुनंदा मागून ओरडली,

“आई, याइच्या डोक्याले तांदूळ नोको लावू वो! आधीच ते चालत नाही!”