चौकोन क्रमांक एकशे सत्त्याऐंशी

थोरला भाऊ, दादा, गेल्याच्या तिसऱ्या दिवशी रांगवाले सर वर्गात उभे राहिले आणि ठरल्याप्रमाणे रांगांचा सिद्धांत शिकवून मोकळे झाले. एकही आकडा चुकला नाही. मुलांना वाटलं, केवढा खंबीर माणूस. खंबीर वगैरे काही नव्हतं. दात काढण्याआधी डॉक्टर इंजेक्शन देतो आणि अर्धा जबडा आपला राहत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं. हात फळ्यावर चालत होता, तोंड बोलत होतं, आणि आत कोणी हूं की चूं करत नव्हतं.

ते ऑपरेशन्स रिसर्चचे प्राध्यापक. म्हणजे हाताशी आहे तेवढ्यात जास्तीत जास्त भागवायचं कसं, याचं गणित. बँकेत खिडक्या किती उघडायच्या, बस किती वेळाने सोडायच्या, इस्पितळात खाटा किती ठेवायच्या. घरोघरच्या बायका हेच रोज करतात, त्यांना कोणी प्राध्यापक म्हणत नाही, असं सरांच्या बायकोचं म्हणणं. दादाचं म्हणणं आणखी वेगळं. तो जन्मभर कारखान्यात लेथवर उभा राहिलेला माणूस. तो सगळ्यांना सांगायचा, आमचा धाकटा ऑपरेशनचा प्रोफेसर आहे, पण त्याच्या हातात सुरी देऊ नका, कांदासुद्धा धड चिरत नाही. आणि रांगांवर दोन पुस्तकं लिहिलेले सर स्वतः बँकेत गेले की हमखास सगळ्यात रखडणारी रांग धरत, हे विभागातल्या शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

माणूस नाकासमोर चालणारा. डॉक्टरेटला सहा वर्षं लागली, कारण मार्गदर्शक मधेच निवृत्त झाले. मग चार वर्षं तात्पुरत्या जागेवर, जिन्याखालच्या खोलीत, जिथे फरशी पुसायच्या बादल्याही ठेवलेल्या असत. विद्यार्थी शंका विचारायला आले की सर त्यांना बादली उलटी करून बसायला देत. एकेचाळिसाव्या वर्षी मात्र त्यांच्या हातून एक मोठं काम झालं, आणि पुढची सगळी कारकीर्द त्याच कामावर उभी राहिली.

तेव्हा शहरातल्या नऊच्या नऊ अॅम्ब्युलन्स मोठ्या इस्पितळाच्या आवारात उभ्या असायच्या. सरांनी शहराचा नकाशा घेऊन त्याचे दोनशे बारा चौकोन पाडले. कुठल्या चौकोनातून तीन वर्षांत किती फोन आले ते मांडलं आणि कोणती गाडी कुठे उभी करायची याचं गणित सोडवलं. दहातल्या नऊ रोग्यांपर्यंत आठ मिनिटांत गाडी जाऊ लागली. यात थट्टा नाही, माणसं खरोखर वाचली. सरांचा तो लेख परदेशी शिकवला जाऊ लागला. त्यांना खिडकी असलेली खोली मिळाली, मग विभागप्रमुखपद मिळालं.

त्या नकाशात एक चौकोन होता, क्रमांक एकशे सत्त्याऐंशी. रेल्वेच्या यार्डापलीकडे, गोदामांच्या मागे. तिथून आलेले फोन शून्य. आकडे भरायला तेव्हा एक विद्यार्थिनी मदतीला होती. तिने विचारलं होतं, सर, तिथे वस्ती आहे, मग शून्य कसं असेल, थोडा तरी आकडा धरू या का? सर म्हणाले होते, "जिथे नोंद नाही, तिथे आपलं मत घालायचं नाही." वाक्य झोकदार होतं. पुढे दरवर्षी पहिल्या तासाला ते हे वाक्य सांगत आणि मुलं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेत. एकशे सत्त्याऐंशीचं वजन शून्य राहिलं आणि सगळ्या गाड्या तिथून दूर सरकल्या.

सहा वर्षांपूर्वी दादा निवृत्त झाला आणि त्याने यार्डापलीकडे दोन खोल्यांचं घर घेतलं, पुढे थोडं अंगण. सर तिथे कितीदा जेवून आले. पण चौकोन ते नंबराने ओळखायचे आणि दादाला पत्त्याने. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मंगळवारी सकाळी दाढी करताना दादाच्या छातीत कळ आली. वहिनींनी दहा वाजून दहा मिनिटांनी फोन केला. गाडी आली दहा चव्वेचाळीसला. चालकाने वाटेत कुठे वेळ काढला नव्हता. तेवढं अंतरच होतं.

आठवड्याभराने सरांच्या टेबलावर फाइल आली. ती जुनी विद्यार्थिनी आता अॅम्ब्युलन्स कार्यालयाची प्रमुख झाली होती. योजनेची मुदत संपत होती आणि ती आणखी दहा वर्षांसाठी कायम करायची होती. तिने नम्रपणे लिहिलं होतं की गेल्या तीन वर्षांचे फोन घालून गणित पुन्हा चालवावं आणि सोमवारपर्यंत सही द्यावी. सर महिन्याभरात निवृत्त व्हायचे होते. शेवटची सही म्हणून ती झकास दिसली असती.

सरांनी यादी उघडली. एकशे पंच्याऐंशी, साठ फोन. एकशे शहाऐंशी, चौऱ्याण्णव. एकशे सत्त्याऐंशी, एक. पुढे वार आणि वेळ होती. मंगळवार, दहा दहा.

त्यांनी तो एक तसाच ठेवून गणित चालवलं. उत्तर जसंच्या तसं आलं, एकही गाडी जागची हलली नाही. सरांना काहीच वाटलं नाही. काहीच वाटत नाही हे भयंकर आहे एवढं त्यांना कळलं, पण तेही डोक्याला. सही करायची म्हणजे त्या वस्तीला आणखी दहा वर्षं चौतीस मिनिटं. न करायची, तर ज्याच्यावर आपलं नाव उभं आहे तेच वाकडं होतं असं स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. आणि लिहिणार तरी कशाच्या आधारावर? नोंद तर एकच होती. निदान कोणीतरी आपल्याला शिव्या घालाव्यात, असं काहीसं मनात धरून रविवारी दुपारी ते वहिनींकडे गेले.

वहिनी उरलेल्या गोळ्यांची पाकिटं निवडत बसल्या होत्या. सरांनी चहा घेतला नाही. उभ्यानेच सांगितलं, "वहिनी, गाडी उशिरा आली ती माझ्यामुळे." मग चौकोन, शून्य, गणित, सगळं सांगितलं, वर्गात सांगावं तसं सलग. वहिनींनी हातातलं पाकीट खाली ठेवलं.

"इथून कोणी फोन करतच नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "गाडी येईपर्यंत माणूस राहत नाही, हे सगळ्यांना माहितीये. भाजीवाल्याच्या गाडीत घालतात नि नेतात. यांनाही याआधी दोनदा दुखलं होतं. मी म्हटलं, फोन करते. तर मलाच म्हणाले, राहू दे, आपल्यापेक्षा गरजू असतील कुठे. धाकट्याने हिशेब करूनच गाड्या लावल्या असतील."

सरांनी खिशातून वही काढली आणि लिहिलं, दोन. मग विचारलं, आणखी कोणाकोणाला असं नेलं?

वहिनींनी चपला घातल्या आणि म्हणाल्या, चला. जन्मभर उंटावरून शेळ्या हाकलेला माणूस त्या दिवशी पहिल्यांदा खाली उतरला. दोन गल्ल्या, घर न् घर. वहिनी प्रत्येक दारात एकच ओळख करून देत होत्या, हे माझे दीर, गाड्या कुठे उभ्या करायच्या ते हेच ठरवतात. सरांना वाटत होतं, आता कोणीतरी अंगावर येईल. कोणी आलं नाही. लोकांनी खुर्च्या पुसून दिल्या. एकीची आई गोदामाच्या हातगाडीवरून गेली होती, एकाची बायको भाजीवाल्याच्या गाडीत बाळंत झाली होती. भाजीवाला स्वतः तारखा आठवून आठवून सांगत होता, आपलंही कोणी लिहून घेतंय याचा त्याला आनंदच झालेला दिसत होता. शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्या शिंप्याने चष्मा कपाळावर चढवून अगदी अदबीने विचारलं, "मग साहेब, आमच्याकडे कधीपासून येणार गाडी?" सरांनी त्याचंही नाव लिहून घेतलं.

परत आल्यावर अंगणातूनच त्यांनी कार्यालय प्रमुख बाईंना फोन लावला आणि सांगितलं, एकशे सत्त्याऐंशीत दप्तरातल्या एकाशिवाय तीन वर्षांत आणखी एकेचाळीस आहेत. पलीकडे बाई अडखळल्या. समितीला हे चालणार नाही, म्हणाल्या, दप्तरात नोंद नाही. आणि मग अगदी मनापासून, "सर, जिथे नोंद नाही तिथे आपलं मत घालायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"चुकीचं शिकवलं," सर म्हणाले. "तेव्हा तू बरोबर विचारलं होतंस. मी उद्या सही करणार नाही. का करणार नाही, ते लेखी देतो. जुना लेख चूक आहे, तेही देतो."

नवी योजना व्हायला वर्ष लागेल आणि तोवर जुनीच चालेल, असं बाईंनी हळू आवाजात सांगितलं. सर म्हणाले, माहीत आहे. आवाज नेहमीसारखाच सपाट होता. फोन ठेवून ते पायरीवर बसले आणि वहीतल्या नावांपुढे अनुक्रमांक घालू लागले.

वहिनी दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

"एकेचाळीस कसे?" त्यांनी विचारलं. "मी बेचाळीस मोजले. त्या दिवशीचे हे नाही का धरले?"

"दादाचे आधीचे दोन धरलेत. मंगळवारचा फोन दप्तरात आहे, वहिनी. त्याची नोंद झालेली आहे. दोनदा मोजला तर..."

दोनदा मोजला तर बेरीज चुकते, एवढंच सांगायचं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ते कळतं. पण वाक्य पुढे जाईना. सरांनी पुन्हा सुरुवात केली, दादाची नोंद, म्हणाले, आणि तिथेच थांबले. वही मांडीवरून घसरून अंगणात पडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या छातीत खरोखर दुखलं आणि घशातून जो आवाज निघाला तो त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

वहिनींनी समजूत काढली नाही. त्या शेजारी पायरीवर बसल्या आणि त्यांनी त्यांना रडू दिलं.