लवकर वाळणारं चिलखत

नाशकात गिअरच्या सायकली नव्या होत्या, तेव्हा माझे शेजारी पन्नाशीत मलाही ओढत डोंगरात सायकल हाकू लागले. पडल्यावर लागू नये म्हणून अंगावर घालायचं चिलखत निवडताना त्यांनी दुकानदाराचं परदेशी तंत्रज्ञानावरचं भाषण मध्येच तोडलं. "ते राहू द्या. धुतल्यावर किती वेळात वाळतं?" आणि सगळ्यात हलकं, जाळीचं घेतलं.

कारण रविवारी कळलं. पांडवलेण्यांमागच्या उतारावर ते आपटले, लंगडत नळावर गेले आणि चिखल धुऊन चिलखत हँडलला अडकवलं. "हिला कळलं, तर सायकल बंद." त्यानंतर दर रविवारी ते पडायचे आणि चिलखत वाळेपर्यंत मी उन्हात जांभया देत बसायचो.

एकदा वहिनींनी फाटकातच ते कोरडं, स्वच्छ चिलखत चाचपलं. "बघा भाऊजी, एवढ्या हौसेनं आणलं, पण एकदा तरी उपयोगी पडलंय का?"

"नाही ना," सुजलेलं कोपर पाठीमागे लपवत ते म्हणाले.