विहिरी आटतात तेव्हाची परीक्षा

बुद्धरत्नने कॉलेज सोडलं ते बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. वडील भिकाजी अचानक गेले आणि पोलादपुरातलं त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान त्याच्यावर आलं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरायचं काम त्याला लहानपणापासून येत होतं. बघता बघता दुकानाला बरकत आली. लोक घरी येऊन कौतुक करायचे, तेव्हा आई सोनाबाई मात्र उठून आत जायची.

एकदा त्याने विचारलंच, "धंदा चाललाय ना आये? मग डिग्री कशाला?"

"दुकानासाठी कोण मागतंय?" ती म्हणाली. "माझ्या आज्याला शाळेच्या पायरीवर बसवायचे. तुझा बाप सातवीवर थांबला. तू तरी शेवटापर्यंत जाशील असं वाटलेलं."

त्याने मुक्त विद्यापीठात नाव घातलं. दर रविवारी दुकान बंद ठेवून तो महाडला तासांना जाऊ लागला. परीक्षा आली नेमकी मे महिन्यात. विहिरी तळाला गेलेल्या, मोटारी कोरड्या फिरून धडाधड जळत होत्या. पहिल्याच पेपराला वर्गाबाहेर उभा असताना श्रीपतकाकांचा फोन आला. वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक.

"दुकानाला कुलूप? माझी मिरची करपत चाललीय, आणि तू पेपर लिवतोस?"

"काका, संध्याकाळी येतो."

"संध्याकाळपर्यंत काय उरणार हाय रे?"

तो क्षणभर घुटमळला. मग फोन बंद करून आत गेला. श्रीपतकाकांनी मोटार दुसऱ्या दुकानात टाकली, आणि ते पुन्हा कधी आले नाहीत.

अभ्यासातून एक गोष्ट मात्र त्याला चांगलीच टोचली. धंद्याचा खर्च काढताना त्याने स्वतःची मजुरी कधी धरलीच नव्हती. ज्याला तो नफा समजत होता, तो त्याचाच घाम होता. त्याने दर वाढवले. कुरकुर झाली, काही जण तुटलेही. पण सोमा नावाचा कारागीर ठेवता आला, आणि आता बुद्धरत्न कुठे गेला तरी दुकान उघडं असतं.

तो पास झाला. श्रीपतकाका बाजारात दिसले की अजून मान फिरवतात, आणि त्या दिवशी फोन बंद केला ते बरोबर होतं का, हे त्याला अजून सांगता येत नाही.

निकालानंतर सोनाबाई पहिल्यांदाच दुकानात आली. स्टुलावर बसून बराच वेळ मोटारीत तार भरणारे त्याचे हात बघत राहिली.

"किती बारीक काम हाय रे हे," ती म्हणाली. "मला कधी सांगितलं नायस."