हिरव्या रंगाखालची चीर

हे मी आजवर कुणाला बोललो न्हाय. बायकोला न्हाय, सख्ख्या भावाला न्हाय. तुम्ही कोण, मला ठाऊक न्हाय — तेच बरं हाय.

शाहूपुरीत माझं स्पेअर पार्टचं दुकान हाय. लष्करानं लिलावात काढलेल्या जुन्या डिझेल पिकअपचे पार्ट मी कुठनं कुठनं हुडकून आणतो. गिऱ्हाईक कोण? हौशी लोक! जन्मात सिमेंटचं एक पोतं उचललं न्हाय, पण गाडी मिलिटरीचीच पाहिजे. हिरवा रंग फासला, उंच टायर चढवले, की ह्यांना वाटतं निघालो सरहद्दीवर. निघतात कुठं? मिसळ खायला. आणि पार्ट कसा पाहिजे? 'ओरिजनल'. इथल्या फौंड्रीत ओतलेला, लेथवर वळवलेला नवाकोरा ब्रेक ड्रम पुढं ठेवला की नाकं मुरडणार — "लोकल हाय की हो!" असल्या येड्यांना गंडवण्यात पाप कसलं, असं मला वाटायचं.

असंच एकाला मी मिलिटरीचा जुना ड्रम दिला. पाठीमागं, बोल्टाच्या भोकाजवळ चीर होती. केसाएवढी. मला दिसली होती — चांगली दिसली होती. मी तिच्यात पुट्टी भरली, वरनं हिरवा रंग मारला आणि ड्रम बसवायला बशीरभाईकडं पाठवला. बशीरभाई कसबा बावड्यातला लेथवाला, वीस वर्षं माझी कामं करणारा. कुठलाबी ड्रम बसवायच्या आधी लेथवर आतनं जरासा वळवून, म्हंजे तासून घ्यायचा, ही त्याची रीत. तसा त्यानं वळवला.

गगनबावड्याचा घाट उतरताना ड्रम फुटला. गाडी कड्याला घासत गेली आणि त्या माणसाचा पाय कायमचा अधू झाला. गाडी ओढून आणायला मीच गेलतो. चीर असलेला तुकडा मी तिथंच दरीत भिरकावला — कुणी बघायच्या आत.

उरलेले तुकडे घेऊन मी आणि त्या गिऱ्हाईकाची माणसं, असे चार-पाच जण बशीरभाईच्या दारात गेलो. काय काय थापा मारायच्या, सगळं मनात जुळवलं होतं. गरजच पडली न्हाय. त्यानं तुकड्यावरनं अंगठा फिरवला, आणि स्वतःच म्हणाला, "माझाच हात जादा चालला असंल. पातळ झाला. अण्णा, तुम्हीच सांगा, तसंच हाय न्हवं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "व्हय की."

एवढंच. त्यानं लेथ विकला. आता पंक्चर काढतो. हातावर भरवसा राहिला न्हाय म्हणतो — काय झालं होतं हो त्या हाताला? सोन्यासारखा हात. आणि मी त्या हौशी लोकांना हसत होतो! लाज वाटते म्हणू? लाज वाटणारा दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगून आला असता. मी दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. थू असल्या माणसावर.

अजून कुणी ब्रेकचं काम विचारलं, की बशीरभाई म्हणतो, "शाहूपुरीत अण्णांकडं जा, पावणं. खात्रीचा माणूस हाय."

कालबी एक आला, बशीरभाईचं नाव सांगत. मी त्याला खुर्ची दिली आणि चहा सांगितला.